नागपुरात हीटर लावणारे काका

त्यांच्या घरात वरच्या खोलीत मी चार वर्षं भाड्यानं राहिले, आणि चार वर्षांत त्यांनी मला एकदाही आडनाव विचारलं नाही. पहिल्या दिवशी विचारलं ते एवढंच, "हात दाखव वं."

मला वाटलं, झालं, भविष्य सांगणारा घरमालक मिळाला. मी दोन्ही तळहात पुढे केले. रेषांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. हात उलटे करून बोटं पाहिली, मनगट पाहिलं आणि म्हणाले, "बारीक हायत. कामाचे हायत. ये राह्यले." तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "अहो, तिले खोली तरी दाखवा आधी."

काकांचा जन्म सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात गेला होता. निवृत्त झाले तरी हात थांबला नव्हता. भाड्याच्या कागदाला त्यांनी माझ्या खोलीचा नकाशा जोडला होता, आणि त्यात कोणत्या महिन्यात किती वाजता ऊन कुठवर येतं ते बारीक रेघांनी दाखवलं होतं. "वैशाखात इथे पलंग ठेवू नये," असं त्या सुरेख तिरप्या अक्षरात लिहिलेलं. मी अर्थातच तिथेच ठेवला, आणि वैशाखात भाजून निघाले.

त्या घरात प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी होती, आणि प्रत्येक वस्तू स्वतःच बोलायची. "मी जिन्याचा दिवा. मले उगाच जाळू नका." "मी कूलर. पाणी पाजल्याशिवाय मले चालवू नका." माठावर, "मी भरलेला हाय, धक्का मारू नका." मी एकदा काकूंना विचारलं, "तुमच्यावर नाही लावली का चिठ्ठी?" तर काकाच पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "तिले चिठ्ठीची काय गरज? ती दिवसभर बोलतेच." काकू म्हणाल्या, "अन् तुम्ही दिवसभर वाचता, तरी समजत नाही."

मी बुटीबोरीला एका सूतगिरणीत सुताची तपासणी करायची. रात्रपाळी असली की कंपनीची बस सकाळी साडेसातला कोपऱ्यावर सोडायची, आणि मी फाटकातून आत यायची ती अर्धी झोपलेलीच. त्यामुळे त्या घराच्या माझ्या सगळ्या आठवणी अशा अर्धवट झोपेतल्या आहेत. अंगणात कडुनिंब, त्याखाली ती जुनी गाडी, बॉनेटवर कडुनिंबाचा पिवळा-पांढरा मोहोर सांडलेला, आणि काका गाडीची चारही दारं उघडून आत पेपर वाचत बसलेले. हे मी खरंच रोज पाहिलं, की एकदाच पाहिलं आणि मग स्वप्नात रोज पाहिलं, हे मला आता सांगता येणार नाही. कोण विचारतंय म्हणा.

गाडी कधीकाळी पांढरी होती. मी पाहिली तेव्हा शिळ्या दह्याच्या रंगाची झाली होती. चालू करण्याआधी काका मांडीवर हात ठेवून एक मिनिट नुसते बसायचे. "उठू दे तिले," म्हणायचे. हॉर्न त्यांनी आयुष्यात वाजवला नसेल. कोणी आडवं आलं की गाडी थांबवून, उतरून, त्याच्याजवळ चालत जायचे आणि म्हणायचे, "दादा, जरा." एकदा एका म्हशीलाही तसंच म्हणताना मी पाहिलं. ती सरकली, हेही सांगितलं पाहिजे.

पण आमच्या गल्लीत ते ओळखले जायचे ते हीटरसाठी. लोक म्हणायचेच, हीटरवाले काका. आता नागपूर म्हणजे काय, ते नागपूरवाल्याला सांगायला नको. चैत्र सरत नाही तो दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अशा गावात हा माणूस गाडीच्या काचा लावून हीटर चालवायचा. डाव्या बाजूला काकू, शाल पांघरलेल्या, पायात लोकरीचे मोजे. उजव्या बाजूला काका, डोक्यावर ओला दुपट्टा, त्याचं पाणी मानेवरून सदऱ्यात गळतंय. सिग्नलला स्कूटरवाले वाकून वाकून पाहायचे. मी तशी तोंडाळ. पहिल्याच महिन्यात म्हणाले, "काका, तुमच्या डोक्याले ऊन लागलं काय?"

ते रागावले नाहीत. "मले नाही वं. तिले लागत नाही, म्हणून तर."

मग त्यांनी सांगितलं. काकूंची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी धंतोलीतल्या दवाखान्यात डायलिसिस. चार तास मशीनवर, वर त्या हॉलमध्ये एसी. बाहेर यायच्या तेव्हा बेचाळीस डिग्रीत त्यांचे दात वाजायचे. पाय तर बर्फ. गरम पाण्याची पिशवी लावून पाहिली होती, पण साखरेमुळे पायांना काही कळेनासं झालेलं. भाजलं तेही कळलं नाही, आणि तो फोड दोन महिने भरला नाही. ऑटोत बसवलं तर लू तोंडावर यायची, चक्कर यायची, आणि पाय मात्र थंडच. गाडीचा हीटर तेवढा चालायचा. वारा मऊ, पायाशी, हळूहळू. डॉक्टरांनाही विचारून झालं होतं. काकांनी पत्र्याची एक झडप कापून बसवली होती, त्यामुळे उजव्या बाजूची सगळी ऊब डावीकडेच जायची. म्हणजे उजवीकडे फक्त उकाडा उरायचा, तो त्यांचा.

लाज वाटली मला.

एका चैत्रात तो हीटर गेला. गाडीत आधी गुळचट वास यायला लागला, मग समोरची काच आतून चिकट धुरकट व्हायला लागली, आणि मग काकूंच्या पायाखालची चटई ओली. हीटर म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळलं. इंजिनाचं गरम पाणी डॅशबोर्डच्या मागे एका छोट्या जाळीतून फिरतं, आणि तिच्यावरून पंखा वारा सोडतो. ती जाळी फुटली होती. जाळी हाताएवढी, पण तिच्यापर्यंत पोचायचं तर समोरचा सगळा डॅशबोर्ड काढावा लागतो.

काकांनी चार मिस्त्री केले. चौघांचं एकच. "काकाजी, बायपास मारून टाकतो. दोन पाइप एकमेकाले जोडले, झंझट खतम. नागपुरात हीटर लागते कोणाले?" काका म्हणायचे, "लागते," आणि गाडी घेऊन दुसऱ्याकडे जायचे. शेवटी पाणी गळू नये म्हणून चौथ्याला बायपास करू दिला. गाडी चालायला लागली, पण थंड. जाळी तर बाजारात कुठेच नाही, गाडीच इतकी जुनी.

पण काकांकडे त्या गाडीच्या तुकड्या-तुकड्याचे नकाशे होते. कधीतरी वीस वर्षांपूर्वी सगळी उघडून काढून ठेवलेले. त्यांनी जाळीचा नकाशा काढला, समोरून, बाजूनं, वरून, अगदी खऱ्या मापाचा, आणि वाडीला गेले. तिथे अमरावती रोडवर गोदामांपुढे ट्रक उभे असतात. वर डोंगरात माल नेणारे ड्रायव्हर शोधून शोधून त्यांनी एकेकाला तो कागद दिला. तिकडं थंडी, तिकडच्या जुन्या गाड्यांना हीटर असणारच, असा हिशेब. एक ड्रायव्हर म्हणाला म्हणे, "काकाजी, नागपूर में हीटर? तबीयत तो ठीक है?" काका म्हणाले, "मेरी ठीक है."

असे तीन आठवडे गेले. काकू दोन-दोन घोंगड्यांत गुंडाळून घरी यायच्या आणि तासभर थरथरत राहायच्या. चौथ्या आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी मी पाळीवरून आले, तर काका गाडीजवळ उभे, आणि काकू पलंगावर तशाच बसलेल्या.

"मी नाही येत आज," त्या म्हणाल्या. अगदी शांतपणे, भाजी नको म्हणावं तशा. "मले त्या थंडीची भीती वाटते. मरायची नाही वाटत. तुमची गाडी गरम झाली की सांगा, मी येईन."

काका ते ऐकून गाडीच्या दारात बसले. मीच चिडले. अंगणात जाऊन म्हणाले, "काका, बसून काहून राह्यले? उचला अन् घेऊन चला त्याईले."

"बेचाळीस वर्षांत तिले एकदा उचलून नेता आलं नाही," ते म्हणाले. "तिचे पाय हायत वं. तिनंच ठरवायचं."

शुक्रवार गेला. एक वेळ चुकली म्हणजे काय होतं, ते दुसऱ्या दिवशी काकूंच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं. डोळ्यांखाली सूज. आणि त्याच दुपारी, शनिवारी, फाटकाशी एक ट्रक थांबला. ड्रायव्हरच्या हातात गमछ्यात बांधलेली वस्तू. कुठल्याशा डोंगरातल्या भंगारवाल्याकडे सापडली होती. "नक्शे पे रख के देखा," तो म्हणाला, "बाल बराबर फर्क नहीं." काकांनी त्याला माठातलं पाणी दिलं, आणि तो पाणी पीत असताना माठावरची चिठ्ठी वाचून हसला. मंगळवारी सकाळी साडेआठला काकूंची पुढची वेळ होती. हातात अडीच दिवस.

कोणी मिस्त्री इतक्या घाईत डॅशबोर्ड उघडायला तयार नव्हता. शनिवारी संध्याकाळी ऊन कललं तसं काकांनी अंगण झाडलं, पाणी मारलं, आणि स्वतःच कामाला बसले. त्यांची पद्धत अशी, की गाडीतून निघालेली प्रत्येक वस्तू फरशीवर ठेवायची, तिच्याभोवती खडूनं रेघ मारायची, नंबर घालायचा, आणि खाली लिहायचं. "मी स्क्रू नंबर सात. मी आडमुठा हाय, हळू फिरवा." "मी काळी वायर. मी लाल वायरीच्या डाव्या हाताले राह्यते." मी म्हणाले, "काका, घाई हाय अन् तुम्ही निबंध लिहून राह्यले." ते म्हणाले, "घाई हाय म्हणूनच लिहून राह्यलो वं. घाईत माणूस विसरते. वस्तू नाही विसरत."

रविवारी सकाळपर्यंत सगळं अंगण खडूच्या आकृत्यांनी भरलं. दहानंतर ऊन असं तापलं की पान्ह्याला हात लावता येईना. काका कूलरपुढे डोळे मिटून बसले आणि मी वर जाऊन झोपले. झोपेत मला ते अंगणच दिसत होतं. पांढऱ्या रेघांचं एक गाव, प्रत्येक घरावर पाटी, आणि मी प्रत्येक दाराशी विचारत होते, काकूंचं घर कोणतं. जाग आली तेव्हा चार वाजले होते. खाली काका गुडघ्यावर बसून प्रत्येक स्क्रूवर पडलेला मोहोर फुंकून उडवत होते.

जुनी जाळी निघाली, हिरवी-पांढरी बुरशी धरलेली. नवी जाळी त्यांनी बादलीत बुडवली, एक तोंड बुचानं बंद केलं आणि दुसऱ्या तोंडाला सायकलचा पंप लावून हवा भरायला मला सांगितलं. बुडबुडा आला तर फुटकी. मी पंप मारत होते, ते पाण्याकडे पाहत होते. पाणी हललंही नाही. तरी ते कितीतरी वेळ पाहतच राहिले.

काकू खिडकीचे गज धरून उभ्या होत्या. आता त्यांचे पायही सुजले होते, आणि दोन शब्दांमध्ये धाप लागायची. "किती... राह्यलं?"

"उद्या होते."

दवाखान्यातून फोनवर सांगितलं होतं, वाट पाहू नका, आत्ताच आणा. काकांनी ते शब्दाला शब्द काकूंना सांगितलं, काही लपवलं नाही. काकू म्हणाल्या, "मंगळवारी. गाडीत." आणि पलंगावर जाऊन बसल्या, कारण आडवं पडलं की श्वास अडकायचा. मला त्या दोघांचाही राग आला होता आणि खूप भीती वाटत होती. त्या रात्री पाळीवर सुताचे धागे मोजताना मी दोनदा चुकले. खिशातला फोन सारखा चाचपत होते.

सोमवारी सकाळी आले तेव्हा काका गाडीबाहेर बसले होते, मनगट खरचटलेलं, रक्त आलेलं. जाळी बसली होती. पण गरम पाणी सोडणारा जो छोटा कॉक असतो, त्याच्या दांडीत एक तार अडकवायची होती, आणि ती जागा इतकी आत आणि अरुंद की त्यांचा हात जाईना. त्यांची बोटं सांध्यांवर गाठाळलेली.

"तू पाह्यतेस का वं?"

मी गाडीत उलटी झोपले, डोकं पेडलांपाशी, पाय सीटवर. कोपरापर्यंत हात अंधारात घातला. "काका, यासाठीच माझे हात पाह्यले होते काय?"

"नाही तर काय. आडनावानं तार थोडीच अडकते."

रात्रभर जागलेली होते. आत जुन्या प्लास्टिकचा आणि धुळीचा ऊबदार वास होता, वर कडुनिंबात कुठलासा पक्षी एकच सूर लावून बसला होता, आणि मला वाटतं मी एक-दोन क्षण तिथेच झोपले. बोटांना दांडी लागली, भोक लागलं, तार आत गेली. टक्. "झालं," मी म्हणाले. काका एकेक आकृती रिकामी करत गेले. दुपारी उन्हातसुद्धा थांबले नाहीत, दुपट्टा ओला करून आणायचं काम तेवढं माझं. संध्याकाळी अंगणात नुसत्या रेघा उरल्या.

पाणी भरलं. मी शेजारच्या सीटवर होते. काका मांडीवर हात ठेवून एक मिनिट बसले. मग गाडी चालू केली, इंजिन तापू दिलं, आणि हीटरची दांडी लाल खुणेवर सरकवली.

काही नाही. वारा आला तो अंगणातलाच.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. काकांनी दांडी हळूच निळ्या खुणेकडे ढकलली, आणि माझ्या पायांवर गरम वारा आला.

मला लगेच समजलं. आतल्या कॉकच्या दांडीला दोन बाजूंना दोन भोकं होती. मी तार उलट्या भोकात घातली होती. लालवर थंड, निळ्यावर गरम. सरळ करायचं म्हणजे पुन्हा सगळा डॅशबोर्ड काढायचा, पुन्हा दोन दिवस. बाहेर दिवेलागण झाली होती. आत काकूंच्या श्वासाचा आवाज अंगणापर्यंत येत होता. "काका, मी झोपेत होते," मी म्हणाले आणि रडायलाच लागले.

त्यांनी इंजिन बंद केलं. पुन्हा मांडीवर हात ठेवून बसले. मग उठून घरात गेले, आणि पांढऱ्या रंगाची बाटली, सगळ्यात बारीक कुंचला आणि चष्मा घेऊन आले. निळ्या खुणेवर त्यांनी लिहिलं, "मी ऊन." लाल खुणेवर लिहिलं, "मी सावली." फुंकर मारून वाळवलं.

"गरम होऊन राह्यलं ना?" ते म्हणाले. "मग काम बरोबर हाय वं. नावं तेवढी चुकली होती. तोंड धू, जा."

मंगळवारी सकाळी काकू आल्या, एक हात माझ्या खांद्यावर, एक काकांच्या. डाव्या सीटवर बसल्या. पायांशी गरम वारा आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मग उघडून ती अक्षरं वाचली आणि धापा टाकत हसल्या. "बरं केलं. माझंही उलटंच हाय. सगळ्याईले ऊन, तर मले थंडी."

मी त्या दिवशी झोपले नाही. फाटकाशी स्टूल टाकून बसले. दुपारी एकच्या सुमारास गाडी आली. काकूंची मान सीटवर कललेली, तोंड किंचित उघडं. मी स्टुलावरून उठून धावले. काकांनी काचेआडून ओठांवर बोट ठेवलं. झोपल्या होत्या. शाल मांडीवर घसरलेली, अंगात थरथर नाही. काकांनी इंजिन बंद केलं नाही. कडुनिंबाखाली, काचा लावून, अर्धा तास तसेच बसून राहिले, घामानं सदरा अंगाला चिकटलेला, डोक्यावरचा दुपट्टा कोरडा ठणठणीत. मी तो मागून घेतला, ओला केला, परत दिला.

त्यानंतर काकूंनी एकही मंगळवार, एकही शुक्रवार चुकवला नाही. दोन वर्षं. मग एका थंडीत त्या गेल्या. पुढच्या वर्षी मी लग्न होऊन चंद्रपूरला गेले.

परवाच्या मे महिन्यात नागपूरला काम निघालं, म्हणून काकांकडे गेले. जिन्याचा दिवा तसाच बोलत होता, माठ तसाच बोलत होता. काका कमी बोलत होते. निघताना म्हणाले, "चल, ठेसनावर सोडून देतो." नको म्हणायची सोय नव्हती. मी डाव्या सीटवर बसले. त्यांनी दुपट्टा ओला करून डोक्यावर घेतला, मांडीवर हात ठेवून एक मिनिट बसले, गाडी चालू केली. आणि फाटकातून बाहेर पडता पडता त्यांचा डावा हात आपोआप पुढे गेला आणि दांडी "मी ऊन"वर सरकवून परत आला. त्यांना कळलंही नाही.

पंचेचाळीस डिग्री असेल. माझ्या पायांवर तो मऊ, गरम वारा यायला लागला. चपलेतली बोटं भाजत होती, पाठ भिजली होती. दांडी माझ्या हाताच्या अंतरावर होती. मी हात मांडीवरच ठेवला.

दोन सिग्नल तसेच गेले. तिसऱ्याला त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दांडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. माझ्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता.

"काहून बोलली नाहीस वं?"

"मले थंडी वाजून राह्यली होती, काका."

त्यांचा हात दांडीवर होता. थोडा वेळ तो तिथेच राहिला.

"वाजते," ते म्हणाले. "त्या बाजूले वाजते थंडी." आणि हात काढून स्टिअरिंगवर ठेवला.

हिरवा लागला. मागच्यांनी हॉर्न वाजवले. आम्ही काचा लावून तसेच स्टेशनपर्यंत गेलो.